शेक सुरू होण्याआधीचे दिवस

 

मी बचतगटांची समन्वयक. माझं काम हिशेबाच्या वह्या, बँकेची कर्जं आणि महिन्याच्या बैठका यांचं. मी डॉक्टर नाही की नर्स नाही. पण गेल्या काही वर्षांत आमच्या गटांमधल्या तीन-चार बायांना कर्करोगासाठी शेक घ्यावा लागला. त्यांच्याबरोबर दवाखान्यात जायची पाळी माझ्यावरही आली. तिथं बाकावर बसून दिवस काढताना मी विचारत गेले, लिहून घेत गेले. त्यातून जे कळलं ते आज सांगणार आहे.

शेकाचे दिवस कसे जातात हे बायका एकमेकींना सांगतात. शेक सुरू व्हायच्या आधीचे आठ-पंधरा दिवस मात्र कोणालाच नीट समजलेले नसतात. आणि माणसं घरी पळून जातात ती नेमकी त्याच दिवसांत.

आमच्या एका गटातल्या मावशींना गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग निघाला. त्यांना छत्रपती संभाजीनगरला नेलं. तपासणी झाली, तुकडा काढून तपासला. मग एक दिवस त्यांना एका मशीनवर झोपवून फोटो काढले, अंगावर खुणा केल्या आणि सांगितलं, "आठवड्यानं या." आठवड्यानं गेल्यावर तारीख आणखी तीन दिवसांनी मिळाली. मावशींचा मुलगा वैतागला. मला म्हणाला, "ताई, नुसत्या तारखा देतायत. शेक काही सुरू होत नाही. इकडे कापूस फुटलाय, वेचायला माणूस नाही. मी आईला घरी नेतो. त्यांना द्यायचा असेल तेव्हा फोन करतील." त्याची तगमग खोटी नव्हती. कोरडवाहू रानातल्या माणसाला कापूस झाडावर सोडून दवाखान्याच्या दारात बसणं परवडत नाही. पण त्या दहा दिवसांत दवाखान्यात कोणी रिकामं बसलेलं नव्हतं. मावशींच्या नावानं रोज काम चाललं होतं, फक्त ते आपल्याला दिसत नव्हतं. त्या कामाला म्हणतात उपचाराचं नियोजन. डॉक्टर त्याला 'प्लॅनिंग' म्हणतात. आजचा विषय तोच.

आधी शब्दाचा घोळ काढू. आपण 'शेक' म्हणतो, कोणी 'लाईट' म्हणतं, कोणी 'करंट' म्हणतं. त्यामुळे मनात विटेचा शेक येतो, चटका येतो, विजेचा झटका येतो. यातलं काहीच नसतं. हे किरण असतात. हाड मोडल्यावर ज्या किरणांनी फोटो काढतात त्याच जातीचे, पण कितीतरी जास्त जोराचे. जर्मनीत राँटजेन नावाच्या शास्त्रज्ञाला हे किरण १८९५ साली सापडले. रोजच्या एका शेकानं अंग किती तापतं माहीत आहे? एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही नाही. भाजून काहीच मारायचं नसतं. हे किरण पेशीच्या आत जातात आणि तिची वाढायची जी सूत्रं असतात ती तोडतात. पेशीची पुढची वीण थांबते. मशीनवर बाई झोपलेली असते तेव्हा तिला ना दुखतं, ना जळतं.

आता हे किरण आंधळे असतात. गाठ कोणती आणि चांगलं मांस कोणतं हे त्यांना कळत नाही. ते कळतं माणसाला. म्हणून किरण सोडायच्या आधी माणसाला विचार करावा लागतो, की कुठं सोडायचे, कुठून सोडायचे, किती सोडायचे आणि कुठं अजिबात जाऊ द्यायचे नाहीत. नियोजन म्हणजे हेच.

तुमच्यापैकी कितीतरी जणी शिवणकाम करतात. तेव्हा शिवणकामाच्याच भाषेत सांगते. ब्लाऊज शिवायला टाकलं तर मशीनवर शिवायला तास-दीड तास. पण आधी माप, मग खडूच्या खुणा, मग कटिंग. कटिंग चुकलं तर शिलाई कितीही सुबक असो, ब्लाऊज अंगाला बसत नाही. शेकाचंही तसंच. रोजचा शेक दहा-पंधरा मिनिटांचा, पण त्याचं माप आणि कटिंग काही दिवसांचं.

पहिली पायरी म्हणजे माप घेणं. दवाखान्यात याला सिम्युलेशन म्हणतात. तिथं सीटी स्कॅनचं मशीन असतं. बाईला ज्या स्थितीत रोज शेक द्यायचा, अगदी त्याच स्थितीत झोपवतात. छातीचा शेक असेल तर हात डोक्याच्या वर ठेवायचा आणि खाली उतरता पाट ठेवतात. तोंडाचा किंवा गळ्याचा असेल तर एक जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढून बसवतात. दोन-चार मिनिटांत तो घट्ट होतो आणि चेहऱ्याचा साचा तयार होतो. त्याला मास्क म्हणतात. पहिल्यांदा बघितलं की जीव घाबरा होतो, पण जाळीतून श्वास नीट घेता येतो. तो कशासाठी? तर पंचवीस-तीस दिवस रोज मान तसूभरही न हलता त्याच जागी यावी म्हणून.

मग अंगावर खुणा करतात. बहुतेक वेळा तीन, एक मधोमध आणि दोन बाजूंना. खोलीच्या भिंतींतून बारीक प्रकाशाच्या रेघा येतात. त्या रेघा आणि अंगावरच्या खुणा रोज जुळवायच्या, की बाई कालच्याच जागी झोपली हे नक्की होतं. म्हणून बायांनो, त्या खुणा म्हणजे खडूच्या रेघा समजा. पुसल्या तर माप गेलं. आमच्या ओळखीतल्या एका ताईंनी दिवाळीत उटणं लावून अंग चोळलं आणि खुणा निघून गेल्या. पुन्हा झोपवलं, पुन्हा फोटो, पुन्हा खुणा. चार दिवस वाया. अंघोळ करायला बंदी नसते, खुणेवर फक्त पाणी सोडायचं, घासायचं नाही. खूण फिकी झाली तर घरच्या पेनानं गिरवायचीही नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सांगायचं, ते गिरवून देतात.

गर्भपिशवीच्या रोगात आणखी एक गोष्ट असते, लघवीची पिशवी. आधी लघवी करून यायचं, मग सांगितलेलं पाणी प्यायचं आणि सांगितलेली मिनिटं थांबायचं. माप घेताना जेवढी पिशवी भरली होती तेवढीच रोज भरलेली हवी. पिशवी भरली की आतडी वर ढकलली जातात आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. गर्भपिशवीची जागाही पिशवी भरली-रिकामी झाली की हलते. आमच्या मावशी प्रवासात लघवी लागेल म्हणून पाणीच प्यायच्या नाहीत. हे कारण कळल्यावर मात्र स्वतःच बाटली घेऊन बसायला लागल्या. आपल्याला नुसतं "पाणी प्या" सांगितलं तर आपण विसरतो. का प्यायचं ते सांगितलं तर विसरत नाही.

दुसरी पायरी म्हणजे कटिंगच्या रेघा. सीटीत शरीराचे काकडीच्या चकत्यांसारखे पातळ थर दिसतात. डॉक्टर संगणकावर एकेक चकती उघडतात आणि त्यावर रेघ मारतात. पहिली रेघ दिसणाऱ्या गाठीभोवती. दुसरी रेघ तिच्या बाहेरून, कारण गाठीच्या आसपास डोळ्याला आणि फोटोतही न दिसणारे रोगाचे बारीक कण पसरलेले असू शकतात. आणि तिसरी रेघ त्याच्याही बाहेरून. ही तिसरी रेघ आपल्याला चटकन कळेल. कापड कापताना आपण मापाच्या बाहेर थोडी माया ठेवतो ना, तीच ही. माणूस श्वास घेतो, आतडं हलतं, झोपण्यात दोन-चार मिलीमीटरचा फरक पडतो. त्या फरकात गाठ किरणांच्या बाहेर जाऊ नये म्हणून माया. माया कमी ठेवली तर गाठीची कड सुटते. जास्त ठेवली तर चांगलं मांस उगाच भाजतं. खुणा जपल्या, पाणी प्यायलं, निश्चल झोपलं तर माया कमी ठेवता येते. म्हणजे बाईनं दिलेली साथ तिच्याच आतड्यांना वाचवते.

मग जपायच्या अवयवांभोवतीही रेघा मारतात. गर्भपिशवीच्या बाबतीत लघवीची पिशवी, गुदाशय, आतडी, खुब्याची हाडं. डाव्या छातीच्या बाबतीत हृदय आणि फुप्फुस. काही ठिकाणी डाव्या छातीच्या बाईला खोल श्वास घेऊन थांबायला शिकवतात, कारण श्वास भरला की हृदय किरणांपासून दूर सरकतं. तोंडाच्या रोगात लाळेच्या गाठी, डोळे आणि मणक्यातली मज्जारज्जू. प्रत्येक अवयव किती सोसू शकतो याचे आकडे ठरलेले आहेत. मज्जारज्जूला साधारण ४५ ग्रेच्या पुढे नेत नाहीत. डोळ्याच्या भिंगाला त्याहून फारच कमी सोसतं, नाहीतर मोतीबिंदू होतो.

हा 'ग्रे' काय ते सांगते. दूध लिटरमध्ये, सोनं ग्रॅममध्ये, तसे शरीरानं घेतलेले किरण ग्रेमध्ये मोजतात. लुई हॅरॉल्ड ग्रे नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाचं हे नाव. तुमच्या कागदावर '५० ग्रे, २५ फ्रॅक्शन' असं लिहिलेलं असेल तर हिशेब सोपा आहे. रोज २ ग्रे, असे २५ दिवस, मिळून ५०. आठवड्यात पाच दिवस शेक, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे पाच आठवडे. छातीच्या रोगात आता बऱ्याच बायांना १५ दिवसांत ४० ग्रे देतात. तोंडाच्या रोगात ६६ ते ७० ग्रे, म्हणजे साडेसहा-सात आठवडे लागतात. रोग हाडात गेला असेल आणि फक्त दुखणं कमी करायचं असेल तर कधी कधी एकाच दिवशी ८ ग्रे देऊन भागतं. म्हणून शेजारणीला पंधरा दिवस आणि मला पस्तीस का, असं मनाला लावून घेऊ नका. हप्त्यांची संख्या रोगावर ठरते, नशिबावर नाही.

सगळं एकदम का देत नाहीत? बचतगटाच्या बायांना हे मी लगेच समजावू शकते. पन्नास हजारांचं कर्ज एका दिवसात फेड म्हटलं तर घर मोडेल. हप्त्यानं फेडलं तर घर चालतं. चांगल्या पेशीला दोन हप्त्यांच्या मध्ये रात्रभरात स्वतःची डागडुजी करता येते. रोगाच्या पेशीला ती तितकी जमत नाही. रोज थोडा मार, रोज थोडी डागडुजी. होता होता चांगली पेशी तगते आणि रोगाची थकत जाते.

पण हप्ता चुकवला तर? तिथं रोगाच्या पेशीला सवड मिळते आणि ती पुन्हा वाढायला लागते. गर्भपिशवीच्या तोंडाच्या रोगात बाहेरून आणि आतून असा सगळा शेक मिळून आठ आठवड्यांच्या आत संपवावा असा डॉक्टरांचा दंडक आहे. त्यापुढे जितकं लांबेल तितकं यश कमी होत जातं. म्हणून वेचणी, लग्न, पोळा, महालक्ष्म्या यांसाठी मधे आठ दिवस घरी जाणं फार महागात पडतं. खरंच अडचण आली, ताप आला, रस्ता बंद झाला, तर दवाखान्याला कळवा. सुटलेला दिवस भरून काढायची वाट ते शोधतात.

तिसरी पायरी, किरण कुठून सोडायचे. हे काम भौतिकशास्त्रज्ञ करतात, ज्यांना फिजिसिस्ट म्हणतात. बहुतेकांना वाटतं सगळं डॉक्टरच करतात. तसं नाही. किती द्यायचं आणि कुठं द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. ते तसं पोचवायचं कसं हे फिजिसिस्ट संगणकावर बसवतात. मला एका फिजिसिस्ट मॅडमनी त्यांचं काम समजावून सांगितलं. त्यावरून मी माझं उदाहरण तयार केलं. समजा, गावाच्या मधोमध एक हौद आहे आणि टँकरचं पाणी हंड्यांनी आणून तो भरायचा आहे. शंभर हंडे एकाच पायवाटेनं आणले तर सांडून सांडून त्या वाटेचा चिखल होईल. पण चार-पाच वाटांनी थोडे थोडे आणले तर प्रत्येक वाट नुसती ओली होते आणि हौद मात्र काठोकाठ भरतो. किरणांचं तेच करतात. चार दिशांनी, सात दिशांनी, किंवा मशीन गोल फिरवत सोडतात. सगळ्या वाटा गाठीवर एकत्र येतात. वाटेतल्या मांसाला थोडं आणि गाठीला पूर्ण. मशीनच्या तोंडाशी धातूच्या बारीक पट्ट्या असतात. त्या पुढे-मागे सरकून किरणांच्या झोताला गाठीचा आकार देतात.

हे सगळं बसवल्यावर संगणक नकाशा काढतो. आपल्या जालना तालुक्यातल्या कडवंचीचं पाणलोटाचं काम तुम्ही पाहिलं किंवा ऐकलं असेल. पाणलोटाच्या कामात सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ काढतात आणि त्या रेघेवर चर खणतात. इथं सारखी मात्रा मिळणाऱ्या जागा जोडणाऱ्या रंगीत रेघा असतात. गाठ पूर्ण रेघेच्या आत आली का, गुदाशय बाहेर राहिलं का, ते त्यावर दिसतं. नाही जमलं तर दिशा बदलायच्या, पुन्हा गणित करायचं. एका बाईसाठी तीन-चार वेळासुद्धा करतात. मग डॉक्टर तपासून सही करतात. मग फिजिसिस्ट मशीनवर मोजणी करून बघतात, की संगणकानं सांगितलं तेवढंच मशीन देतंय का. ही सगळी मशीनं परमाणु ऊर्जा नियामक परिषदेच्या परवान्याशिवाय चालवता येत नाहीत. हिशेबतपासनीस आपल्या गटाची वही तपासतो, तशी इथं माणसाच्या जिवाची वही तपासली जाते. मावशींच्या मुलाला ज्या दहा दिवसांचा राग आला होता ते दिवस यात गेले होते. त्यातले काही दिवस रांगेचेही असतात, हे खरं. मशीनं थोडी आणि आजारी माणसं फार.

त्या मुलाला मी हे सगळं बाकावर बसून सांगितलं. तो थांबला. कापसासाठी आमच्या गटातल्या सहा बाया दोन दिवस त्याच्या रानात गेल्या. फुकट नाही, रोजानं गेल्या, पण पैसे नंतर घेतले. त्यानंतर शेक सुरू झाला.

तिसऱ्या आठवड्यात नवीनच गोष्ट झाली. मावशींचं अंगावर जाणं थांबलं. त्या म्हणाल्या, "बाई, मी बरी झाले. आता कशाला?" हे फार बायांच्या बाबतीत होतं. आणि हेच सगळ्यात फसवं असतं. रक्त थांबणं म्हणजे गाठ आकसू लागली, रोग संपला असं नाही. नियोजनाचा आकडा पूर्ण मात्रेवर बसवलेला असतो. अर्ध्यात सोडलं तर अर्धा फायदा होतो असं समजू नका. उरलेला रोग पुन्हा उठतो, आणि त्याच जागेवर पुन्हा तेवढा शेक देता येत नाही. कारण आतडी आणि पिशवी त्यांच्या वाट्याचं आधीच सोसून बसलेली असतात. मावशींना मी एवढंच म्हटलं, की मावशी, तीन हप्ते राहिलेत, खातं आत्ता बंद करू नका.

बाहेरच्या शेकानंतर बहुतेकींना आतून शेक देतात, त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. गर्भपिशवीच्या तोंडाशी नळ्या बसवतात, भूल किंवा गुंगी देऊन. मग पुन्हा फोटो, पुन्हा रेघा, पुन्हा गणित, आणि त्या नळ्यांमधून काही मिनिटांसाठी किरणांचा एक बारीक दाणा आत जाऊन परत मशीनमध्ये जातो. असं तीन-चार वेळा. याची भीती आणि लाज, दोन्ही असतात. बरोबर बाई माणूस असू द्या. खोलीत बाई कर्मचारी असावी असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. अंग झाकायला चादर मागायची.

एक गैरसमज तर आत्ताच काढून टाकते. शेक घेतलेल्या बाईच्या अंगातून किरण बाहेर येत नाहीत. बाहेरून दिलेला शेक मशीन बंद झालं की संपला. आतला दाणाही परत जातो. तिच्या हातचं जेवा, तिच्या मांडीवर नातू द्या, तिचं ताट वेगळं करू नका. मशीन चालू असताना कर्मचारी खोलीबाहेर जातात, कारण ते रोज पन्नास माणसांना शेक देतात. ते कॅमेऱ्यातून बघत असतात, हात वर केला की मशीन थांबवतात.

शेकाच्या जागी तेल, हळद, बाम, अंगारा काही लावायचं नाही. सैल सुती कपडे घालायचे. गळ्याचा, छातीचा शेक असेल तर मंगळसूत्र काढून ठेवायला सांगतात, त्यात अपशकुन काही नाही. तोंडाच्या रोगात आधी दात दाखवून घ्यायचे, आणि तंबाखू, मिश्री, गुटखा बंद म्हणजे बंद. खाणं सोडायचं नाही. वजन उतरलं की मास्क सैल होतो, माप बदलतं आणि पुन्हा सगळं नियोजन करायची वेळ येते. गर्भपिशवीच्या शेकानंतर पाळी थांबते, अंग कोरडं पडतं, मार्ग आवळतो. त्यावर उपाय असतात. डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

"तिसऱ्या टप्प्याचा रोग, आता काय उपयोग?" असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. मुंबईच्या टाटा रुग्णालयात २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या टप्प्याच्या ८५० बायांवर अभ्यास झाला. निम्म्यांना फक्त शेक दिला, निम्म्यांना शेकाबरोबर दर आठवड्याला सलाईनमधून औषध. पाच वर्षांनी फक्त शेकवाल्या शंभरातल्या ४६ जगल्या होत्या, शेक आणि औषध मिळालेल्या ५४. तिसऱ्या टप्प्यातही निम्म्या बाया पाच वर्षांनी जिवंत होत्या. तेच टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं आणि पुढे शेकाच्याच शाखेतल्या एक बाई, डॉ. केतायून दिनशॉ, त्याच्या संचालक झाल्या. शेकाचं कोबाल्ट मशीन, भाभाट्रॉन, आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं इथंच बनवलं. आणि मराठवाड्याला आता मुंबईच गाठावी लागते असं नाही. छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे.

आणि रोग लवकर सापडला तर शेकाची पाळीही कितीकदा येत नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून ४९७ गावांतल्या १,३१,७४६ बायांचा अभ्यास झाला. वय ३० ते ५९. टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयानं तो केला. ज्या गावांतल्या बायांची आयुष्यात एकदा एचपीव्हीची तपासणी केली, तिथं पुढं गेलेला रोग आणि त्यानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या डॉक्टरांनी हा अभ्यास वाचला. त्यातल्या बाया आपल्यासारख्याच होत्या, रानात राबणाऱ्या, पदर खोचून तपासणीला आलेल्या. म्हणून अंगावरून पांढरं-लाल जात असेल, पाळी गेल्यावर रक्त दिसत असेल, संबंधानंतर रक्त येत असेल तर आशाताईला आजच सांगा.

आता कामाचं. नियोजनाच्या दिवशी कोणाला बरोबर न्याल तर पाच प्रश्न लिहून न्या. माझे शेक किती आणि कोणत्या तारखेला संपणार? शेकाबरोबर औषध आहे का? रोज पिशवी भरलेली हवी की रिकामी? दिवस चुकला तर कोणाला कळवायचं? आतला शेक कधी आणि कुठं? उत्तरं वहीत लिहा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि सगळे जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. दवाखान्यात गेल्या गेल्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शेकाचा खर्च बसतो. पण कागद आधी लागतात, उपचार झाल्यावर नाही. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच, रेल्वेतही कर्करोगाच्या रुग्णाला मोठी सवलत मिळते, त्यासाठी दवाखान्याचा दाखला घ्या.

आणि गटांनो, तुमच्यासाठी. आमच्या प्रभागात आम्ही तीन ठराव केले. पहिला, शेकाला जाणाऱ्या सभासदाचा कर्जाचा हप्ता तेवढे महिने पुढं ढकलायचा. दुसरा, प्रवासासाठी अंतर्गत कर्ज त्याच दिवशी द्यायचं, बैठकीची वाट बघायची नाही. तिसरा, पाळी लावायची. पंचवीस दिवस असतील तर पाच बाया, प्रत्येकीला पाच दिवस. एक बरोबर जाईल, एक तिच्या घरचा स्वयंपाक आणि म्हैस बघेल. बाई शेक अर्धवट सोडते ती दुखण्यानं कमी आणि 'माझ्या घरचं कोण बघेल' यानं जास्त.

आमच्या मावशींचे सगळे शेक पुरे झाले, आतलेसुद्धा. आता त्या तीन-तीन महिन्यांनी दाखवायला जातात आणि बैठकीला येतात. बचतीचे पैसे मोजताना अजून चुकतात आणि अजून भांडतात.

येत्या बैठकीत हे तीन ठराव तुमच्या वहीत लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा चालेल. गरज कधी कोणाला पडेल सांगता येत नाही, तेव्हा वही तयार असू द्या.